किचन बदलायचंय, परवानगी लागते का? – वाचकांचे प्रश्न

या वेळी किचनचे प्रश्न इतके आलेत की पूर्ण पान त्यालाच देतेय. एक आधीच सांगते, नियम जागेजागेला वेगळे असतात. कुठे पालिका बघते, कुठे वेगळं बांधकाम खातं असतं, कुठे गॅस आणि लाइटची परवानगी वेगवेगळ्या ऑफिसातून घ्यावी लागते. त्यामुळे अमुक फॉर्म भरा असं मी सांगू शकत नाही. पण परवानगी का मागतात, ते कारण सगळीकडे सारखंच असतं आणि ते एकदा कळलं की आपल्या कुठल्या कामाला विचारायला जायचं ते तुम्हालाच समजतं, म्हणून उत्तरं जरा लांबलीत, वाचून घ्या.

प्रश्न: ताई, आमचं किचन खूप जुनं झालंय. कॅबिनेट, ओटा, टाइल्स सगळं काढून नवीन करायचंय. सिंक आत्ता खिडकीखाली आहे ते समोरच्या भिंतीला न्यायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो घराच्या आतलं काम आहे, बाहेरून काही दिसत नाही, परवानगी लागतच नाही. खरं का?

अर्धंच खरं आहे. रंग, कॅबिनेट, कॅबिनेटचे दरवाजे, टाइल्स, आहे त्याच जागी नवीन सिंक किंवा नवीन नळ, याला बहुतेक ठिकाणी परवानगी लागत नाही. इमारत वारसा यादीत असेल तर गोष्ट वेगळी, आणि सोसायटी असेल तर तिची स्वतःची एनओसी लागते ती वेगळीच. पण "बाहेरून दिसत नाही" हे परवानगी न लागण्याचं कारण होऊच शकत नाही, उलट मी म्हणेन जे काम नंतर कोणालाच दिसणार नाही, टाइलच्या मागे, फरशीखाली, भिंतीत गाडलं जाणार आहे, तेच झाकायच्या आधी तिसऱ्या माणसाने बघावं म्हणून तर परवानगी असते.

तुमच्या कामातलं असं काम म्हणजे सिंक हलवणं. नळाचं पाणी प्रेशरने येतं, ते कुठूनही वळवून आणता येतं. सांडपाणी मात्र फक्त उतारावरून जातं. सिंकच्या ड्रेनला साधारण 40 ला 1 असा उतार धरतात, म्हणजे पाइप 3 मीटर लांब न्यायचा असेल तर त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा साडेसात सेंटीमीटर खाली हवं. ही उंची आणणार कुठून? एक तर जुनी लाइन खोल असावी लागते नाहीतर किचनची जमीन उचलावी लागते, आणि बरेच मिस्त्री काही न विचारता जमीन उचलतात, काँक्रीट ओततात आणि वरून टाइल लावतात. आता हिशोब बघा, साडेसात सेंटीमीटर काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला 180 किलोच्या आसपास वजन. घरातल्या स्लॅबवर माणसं, सामान, कपाटं असं सगळं धरून वापराचं वजन साधारण 150 ते 200 किलो प्रति चौरस मीटर धरलेलं असतं. म्हणजे कपाट ठेवायच्या आधीच तुम्ही जवळपास सगळी सूट वापरून टाकली, आणि त्यावर दगडी ओटा यायचाच आहे, 20 मिलिमीटर ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला 54 किलोच्या घरात जातं. स्लॅब लगेच पडणार नाही, घाबरवत नाहीये, पण हे गणित कोणीतरी करायला हवं होतं ना?

दुसरं म्हणजे ट्रॅप. सिंकखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी साठून राहतं आणि तेच पाणी गटारातला गॅस घरात येण्यापासून अडवतं. ड्रेन लांब नेला आणि त्याला हवा घ्यायची सोय ठेवली नाही तर पाणी जाताना ते साठलेलं पाणीपण ओढून घेऊन जातं, मग वास येतो आणि लोक महिनोन्‌महिने सिंक घासत बसतात. भिंत उघडी असताना हे तपासायला अगदी थोडा वेळ लागतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्याच घरात मी एका प्लंबरवर विश्वास ठेवून लाइन टेस्ट न करता भिंत बंद करू दिली, आणि सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला ओल आली, पोपडे पडले. सगळी नवी टाइल फोडावी लागली. आजी मला एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्या घरात ते ओलं छत बघताना जे वाटलं ते अजून आठवतं.

तर, पालिकेत किंवा तुमच्याकडे जे ऑफिस असेल तिथे स्वतः जाऊन विचारा, सिंक हलवतोय, ड्रेन बदलतोय, प्लंबिंगची परवानगी लागेल का. कॉन्ट्रॅक्टरला विचारायला पाठवू नका.

प्रश्न: किचन आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचंय. भिंतीवर टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो, म्हणजे पार्टिशनच असणार ना? भिंत पातळपण आहे.

टिचकीवर कृपा करून जाऊ नका. पोकळ आवाज प्लास्टर सुटलं असेल तरी येतो आणि लाकडी सांगाडा असेल तरी येतो, आणि लाकडी सांगाड्याच्या घरात तीच पोकळ वाजणारी भिंत वरच्या मजल्याचं वजन घेऊन उभी असू शकते. जाडीवरूनही नक्की काही सांगता येत नाही. बघायचं काय, तर वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का, भिंतीच्या डोक्यावर बीम आहे का, स्लॅब किंवा तुळया कुठल्या दिशेने टेकल्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इमारतीचे मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज. ते नसतील तर स्ट्रक्चरल इंजिनियर घरी येऊन बघेल, गरज पडली तर थोडं प्लास्टर काढेल. भिंत भार घेणारी असेल तर परवानगी लागतेच, याला अपवाद असलेली जागा मला माहीत नाही. भार घेणारी नसली तरी फ्लॅटमधे बहुतेक ठिकाणी विचारावंच लागतं, कारण ती भिंत तुमच्या घरात असली तरी इमारत सगळ्यांची आहे.

इंजिनियरने काढायला हो म्हटलं तरी आधी आधाराचे खांब लावायचे, मग भिंतीच्या जागी बीम बसवायचा, आणि शेवटी आधार काढायचे. हा क्रम कागदावर लिहून घ्या, कारण फोडणारा माणूस वेगळा असतो आणि त्याला घाई असते.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या सांपुंग डिपार्टमेंट स्टोअरबद्दल वाचा कधीतरी. 29 जून 1995 ला ती इमारत कोसळली आणि 502 माणसं गेली. मूळ डिझाइनमधे नसलेला पाचवा मजला चढवला होता, तिथे रेस्टॉरंट्स आली, त्यांच्या स्वयंपाकघरांचं सामान आलं, जमीन गरम राहावी म्हणून काँक्रीटची जाड फरशी आली, आणि खालचे खांब मात्र हवे होते त्यापेक्षा बारीक. पहिल्या बांधकाम कंपनीने हे बदल करायला नकार दिला होता, तर मालकांनी तिला काढून दुसऱ्यांकडून करून घेतले. तुमचं किचन म्हणजे सांपुंग नाही हे मलाही कळतं, पण ज्या इंजिनियरने "नको" म्हटलंय त्याला सोडून "हो" म्हणणारा शोधायचा हा जो प्रकार आहे ना, तो मी घरोघरी बघते, म्हणून सांगितलं.

अजून एक, ओपन किचन म्हणजे आग आणि बाहेर पडायची वाट यांच्यामधली भिंत आणि दरवाजा जातो. उंच इमारतीत काही ठिकाणी यासाठी आगीचे वेगळे नियम असतात, कुठे जास्तीचा डिटेक्टर लागतो, कुठे गॅस असेल तर दरवाजा काढूच देत नाहीत. भिंतीची चौकशी करताना हेही त्याच दमात विचारून घ्या.

प्रश्न: गॅसची शेगडी भिंतीजवळून आयलंडवर, म्हणजे किचनच्या मधोमध असलेल्या सुट्या ओट्यावर न्यायचीय. ओळखीचा एक जण आहे, तो फरशीखालून पाइप टाकून देतो म्हणाला, एका दिवसाचं काम आहे. यालाही परवानगी?

हो. आणि या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

16 मे 1968 च्या पहाटे लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाच्या 22 मजली इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी शेगडी पेटवायला काडी ओढली. रात्रीतून गॅस साठलेला होता. स्फोटाने बाहेरच्या भिंतीचे पॅनल उडाले, वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले आणि त्यांच्या वजनाने इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. 4 माणसं गेली, 17 जखमी झाली. इमारतीत लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. चौकशीत निघालं काय, तर शेगडीच्या गॅस जोडणीतला एक कमी दर्जाचा पितळी नट तुटला होता. इमारतीच्या बांधणीतही मोठे दोष होते, त्यावरून नंतर नियम बदलले गेले, पण सुरुवात त्या एका नटापासून झाली. अशी जोडणी ओळखीच्या माणसाकडून एका दिवसात उरकायची?

गॅसचं काम फक्त परवानाधारक माणसानेच करायचं आणि पाइप झाकायच्या आधी त्याची प्रेशर टेस्ट झालीच पाहिजे, म्हणजे लाइनमधे दाब भरून ठेवायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. सांधे साबणाच्या पाण्याने तपासायचे, बुडबुडे आले की गळती. काडी किंवा लायटर धरून बघणारा माणूस दिसला तर त्याला त्याच क्षणी घराबाहेर काढा. फरशीखालून पाइप न्यायची पद्धत, त्यावरचं आवरण, मधे सांधा चालतो की नाही, हे सगळं नियमात असतं आणि काही ठिकाणी फरशीखालून न्यायलाच परवानगी नसते, तेव्हा आयलंडची फरशी ठरवायच्या आधी हे विचारा.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, दीडपट ते दुप्पट, त्यामुळे गळला की जमिनीलगत आणि कॅबिनेटच्या तळाशी साठतो. पाइपने येणारा नॅचरल गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून हवा जायला जाळी कुठे ठेवायची ते गॅस कुठला यावर ठरतं, आणि नवीन मॉड्युलर कॅबिनेट करणारे सुंदर दिसावं म्हणून नेमकी तीच जाळी बंद करतात. त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या.

प्रश्न: आम्ही गॅस काढून इंडक्शन आणि मोठा ओव्हन घेतोय. गॅसच नाही म्हटल्यावर परवानगीची कटकट नाही ना?

गॅसची लाइन कायमची बंद करायची तरी ती परवानाधारकानेच करायची, बोळा कोंबून सोडायची नाही. आणि आता विजेचं बघा. चार झोनचा इंडक्शन साधारण 7 किलोवॅटचा असतो, 230 व्होल्टवर तो पूर्ण जोरात चालला तर 30 अँपियर खेचतो. ओव्हन 3 किलोवॅट म्हणजे आणखी 13. जुन्या किचनची वायरिंग दिवा, पंखा आणि एखादा मिक्सर धरून केलेली असते, तिच्यावर हे टाकलं तर वायर भिंतीतल्या भिंतीत तापत राहते. इंडक्शनला स्वतःचं वेगळं सर्किट लागतं, बोर्डापासून थेट जाड केबल, स्वतःचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज खेचली की आपोआप पडणारा स्विच, आणि बऱ्याचदा घराचा मंजूर लोडच वाढवून घ्यावा लागतो, ते वीज कंपनीकडे वेगळं. नवीन सर्किट टाकणं हे बहुतेक ठिकाणी परवानगीचं काम आहे. एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठ्या अँपियरचा लावून देतो असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा, एमसीबी वायरला वाचवत असतो, तोच मोठा केला तर वायरच्या आधी पडणारं काहीच उरत नाही.

ओट्यावरच्या सॉकेट्सना अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज थोडी जरी गळली तरी लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पुष्कळ देशांत 30 मिलिअँपियरचा लावतात, अमेरिकेत तर 5 च्या आसपासच तुटणारा लागतो. ओले हात आणि वीज जिथे इतकी जवळ असते अशी किचनसारखी जागा घरात दुसरी नाही.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय परमिट तुमच्या नावावर काढा, घरमालकाला लवकर मिळतं. काढू का?

आधी त्याला शांतपणे विचारा की तुमच्या नावावर का नाही. कधी कारण साधं असतं, काही ठिकाणी अर्ज मालकानेच करायचा असतो आणि कॉन्ट्रॅक्टरचं नाव खाली येतं. पण त्याच्याकडे लायसन्स नाही म्हणून तो तुम्हाला पुढे करत असेल तर थांबा. परमिट ज्याच्या नावावर, नियमाप्रमाणे काम होण्याची जबाबदारी त्याची. उद्या तपासणीत काम नापास झालं, कामगाराला लागलं, शेजाऱ्याकडे पाणी गेलं, तर ते तुमच्या गळ्यात येतं आणि तो पुढच्या साइटवर गेलेला असतो. लायसन्स नंबर घ्या आणि तो खरा आहे का ते देणाऱ्या ऑफिसातच तपासा, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर नाही.

आणि पैशाचे हप्ते कामाच्या टक्क्यांना न बांधता तपासणीला बांधा. म्हणजे प्लंबिंग आणि वायरिंग उघडं असताना जी पहिली तपासणी होते ती पास झाली की एक हप्ता, शेवटची तपासणी होऊन फायनल कागद हातात आला की शेवटचा. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांनी नंतर फोन करून आभार मानलेत, कारण फायनल तपासणी राहूनच जाते, किचन चालू होतं, सगळे विसरतात आणि परमिट बंद न होता तसंच पडून राहतं.

प्रश्न: भाड्याचं घर आहे, ओटा फार खाली आहे, पाठ दुखते. बदलू शकतो का?

मालकाच्या लेखी होकाराशिवाय नाही, आणि परवानगी लागणारं काम असेल तर अर्जही मालकाचा. पाठीसाठी सध्या ओट्यावर ठेवायचं जाड लाकडी फळीचं स्टँड करून घ्या, फक्त शेगडी त्यावर ठेवू नका.

प्रश्न: घर जुनं आहे, फोडाफोडीच्या आधी काही बघायला हवं का?

हवं. जुन्या फरशीच्या टाइल्समधे, त्याखालच्या गोंदात, पाइपांवरच्या आवरणात आणि सिमेंटच्या पत्र्यांमधे बारीक तंतूंचं एक खनिज, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि जुन्या रंगात शिसं. जागेवर शांत असेपर्यंत त्याचा त्रास कमी, पण फोडलं, घासलं की धूळ उडते आणि ती श्वासातून आत जाते. अ‍ॅस्बेस्टॉसचे आजार कित्येक वर्षांनी, कधी कधी 20 ते 40 वर्षांनी दिसतात, आणि शिशाचा त्रास सगळ्यात जास्त लहान मुलांना होतो. छोटा नमुना लॅबमधे देऊन तपासून घ्या, कामाला हात लावायच्या आधी. नमुना स्वतः खरवडून काढू नका, लॅबलाच विचारा कसा द्यायचा. बऱ्याच ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस काढायची परवानगी आणि माणसं दोन्ही वेगळी असतात. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर फोडायच्या दिवसांत त्यांना दुसरीकडे ठेवा.

प्रश्न: ताई, आधीच्या मालकाने परवानगी न घेता किचन वाढवलंय हे आता घर विकताना कळलं. आम्ही तर काहीच केलं नाही. खरेदीदार कागद मागतोय. झोप उडालीय.

तुमची चूक नाही हे मला कळतंय, आणि हा प्रश्न वाचून वाईट वाटलं. पण बहुतेक ठिकाणी बांधकामाची जबाबदारी घराबरोबर चालते, म्हणजे आज घर ज्याचं त्याला ते निस्तरावं लागतं. लपवू मात्र नका, विक्रीनंतर कळलं तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि मधेच आग लागली किंवा पाणी फुटलं आणि विमा कंपनीला कळलं की काम विनापरवाना होतं तर क्लेम अडकू शकतो.

मार्ग असतो. पुष्कळ ठिकाणी झालेल्या कामाला मागाहून परवानगी घेता येते. त्यासाठी आधी एखादा इंजिनियर किंवा आर्किटेक्ट आणून आहे तसं ड्रॉइंग करून घ्या. ऑफिसातून माणूस आला की तो काही जागी भिंत किंवा छत उघडायला सांगेल, पाइपचे सांधे आणि वायर बघायला. सगळं फोडायला लावतातच असं नाही, दोन तीन चौकोन उघडून भागतं असं मी बऱ्याचदा पाहिलंय. जिथे नियमात बसत नाही तिथे दुरुस्ती करावी लागेल, दंडही होऊ शकतो. भार घेणारी भिंत काढलेली असेल तर मात्र ऑफिसची वाट बघू नका, इंजिनियरला याच आठवड्यात बोलवा, विक्रीचं मग बघा.

खरेदीदाराला तुम्हीच सांगा की असं आहे आणि आम्ही अर्ज केलाय, अर्जाची पोच दाखवा. काही जण मागे जातील. काही जण थांबतात, किंवा हिशोब करून पुढे जातात. ऑफिसात जाताना घराचा मंजूर जुना प्लॅन, आत्ताचं ड्रॉइंग, तुमचं खरेदीखत आणि घर घेतलं तेव्हाचे किचनचे फोटो मोबाइलमधे असतील तर त्यांच्या तारखेसकट प्रिंट काढून न्या, कारण बदल तुमच्या आधीचा आहे हे त्यावरून दाखवता येतं.